निकोसियातली वीज, बेळगावचे बिल

सायप्रसची राजधानी निकोसिया इथल्या लेड्रा स्ट्रीटवर दुकाने बघत चालत राहिले की रस्ता अचानक एका पोलीस चौकीपाशी थांबतो. ओळखपत्र दाखवायचे, संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखालचा ओसाड पट्टा ओलांडायचा आणि दुसऱ्या चौकीवर पुन्हा तेच. पलीकडे पाट्या ग्रीकऐवजी तुर्की होतात, युरोच्या जागी लिरा येतो आणि घरातली वीज ‘किब-तेक’ या सरकारी कंपनीची असते. १९७४ मध्ये तुर्कस्तानचे सैन्य उतरून सायप्रसचे दोन भाग झाले आणि पुढच्याच वर्षी उत्तरेत ही कंपनी उभी राहिली. पण ज्या राज्याच्या मालकीची ती आहे, त्या राज्याला तुर्कस्तानखेरीज जगातल्या एकाही देशाची मान्यता नाही.

मी बेळगावची. सीमाप्रश्न आमच्या घरात माझ्या जन्माच्या आधीपासून मुक्कामाला आहे, आणि म्हणूनच निकोसियात राहायला आल्यावर या विजेची हकिकत मी विचारून विचारून समजून घेतली.

फाळणीनंतर जवळजवळ दोन दशके उत्तरेला वीज पुरवत होते ते दक्षिणेचे, म्हणजे जगाने मान्य केलेल्या ग्रीक सायप्रियट सरकारचे वीज प्राधिकरण, आणि तेही पैसे न मिळता. सगळे बेट आमचेच आहे असे म्हणायचे, तर तिथल्या माणसांना अंधारात कसे ठेवायचे, असा त्यामागचा विचार मला दिसतो. १९९० च्या दशकाच्या मध्यात गिर्न्याजवळ टेक्नेजिकचे वीजकेंद्र सुरू झाले आणि उत्तर स्वतःची वीज तयार करू लागली.

मग ११ जुलै २०११ ची पहाट उजाडली. एका जहाजावरून जप्त केलेला दारूगोळा ९८ कंटेनरांत भरून दक्षिण किनाऱ्यावरच्या नौदल तळावर दोन वर्षे उघड्यावर पडून होता. त्याचा स्फोट होऊन १३ जण गेले आणि शेजारचे वासिलिकोस वीजकेंद्र उद्ध्वस्त झाले. देशाची निम्मी वीज तिथून येत असे. बेटाला बाहेरच्या कोणत्याही देशाशी जोडणारी वीजवाहिनी नव्हती, त्यामुळे ऐन उन्हाळ्यात पाळीपाळीने वीज जाऊ लागली, आणि काही दिवसांतच दक्षिणेने उत्तरेची वीज विकत घेतली. सरकार किब-तेकशी करार करू शकत नव्हते, कारण करार म्हणजे मान्यता; म्हणून व्यवहार दोन्हीकडच्या व्यापारी मंडळांच्या मार्फत झाला. पैसे दिले म्हणजे हक्क सोडला, अशी टीका तेव्हा झालीच. प्रत्यक्षात दक्षिणेच्या सरकारने आपल्या दाव्यातला एक शब्दही मागे घेतला नाही आणि उत्तरेलाही त्या बिलापोटी मान्यता मिळाली नाही. तारा जोडल्या गेल्या, एवढेच.

यावर भाळून जाण्याचे कारण नाही, हेही मला कळते. अशा सोयींमुळे मूळ प्रश्न लांबणीवर टाकणे राजकारण्यांना सोपे जाते. ज्यांची घरे आणि शेते रेषेपलीकडे राहिली, त्यांना विजेच्या व्यवहाराने काहीच परत मिळालेले नाही. तरीही जिथे मधे परक्या देशाचे सैन्य उभे आहे, तिथे जे जमले, ते एकाच देशातल्या दोन राज्यांना का जमू नये, हा प्रश्न मला सोडत नाही.

बेळगावात वीज कर्नाटकच्या सरकारी कंपनीची. माझी आई ८१ वर्षांची आहे आणि तिला कन्नड बोललेले समजते, वाचता येत नाही. महिन्याचे बिल ती शेजारच्या मुलीकडून वाचून घेते. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून अधिक आहेत, तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे देशाने कधीच मान्य केलेले सूत्र आहे. बिलावर मराठीच्या चार ओळी छापल्याने बेळगाव महाराष्ट्राला मिळत नाही, आणि त्या ओळी स्वीकारल्याने ८६५ गावांवरचा महाराष्ट्राचा दावाही सुटत नाही. तो दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि निकाल तिथेच लागायचा आहे. मात्र आपल्याकडे वाद तापला की आधी एसटी बंद पडते. डिसेंबर २०२२ मध्ये गाड्यांवर दगड पडले, फेऱ्या थांबल्या, आणि कोल्हापूरच्या दवाखान्यात जायला निघालेली माणसे स्टँडवर बसून राहिली. त्यात मराठी होते तसे कानडीही होते. हाल दोघांचे सारखेच झाले.

विजेने मात्र ही अडवणूक मानली नाही. ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिण भारताचे वीजजाळे उरलेल्या देशाशी जोडले गेले, ते रायचूर ते सोलापूर या वाहिनीने, म्हणजे याच दोन राज्यांच्या सीमेवरून. त्या दिवशी कोणी मोर्चा काढला नाही की आपला हक्क बुडाला असे म्हटले नाही.

डिसेंबर २०२२ मध्येच केंद्रीय गृहमंत्र्यांच्या बैठकीत दोन्ही राज्यांच्या प्रत्येकी तीन मंत्र्यांची समिती नेमायचे ठरले होते. त्या सहा जणांनी नकाशाला हात लावू नये; बेळगाव-कोल्हापूर बस कोणत्याही कारणाने थांबणार नाही आणि विजेचे बिल दोन भाषांत येईल, एवढे दोनच विषय घेऊन एकदा एकत्र बसावे.