दोन सुताचे भोक

बेळगावात भिंतीला भोक पाडणे ही कोणाची खाजगी बाब राहू शकत नाही. उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांनी आणि मशीन शॉपांनी शहापुरातल्या आमच्या गल्लीला घरटी किमान एक तज्ज्ञ पुरवलेला आहे, आणि ड्रिल मशीनची पहिली घरघर ऐकू येताच तो चहाचा कप हातात घेऊन दारात हजर होतो. पडद्याची दांडी लावण्याच्या माफक हेतूने मी स्टुलावर चढलो, तेव्हा उभी हयात रेडियल ड्रिलवर काढलेले शेजारचे काका खाली येऊन उभेच होते.

त्यांनी प्रथम मशीन काढून घेतले. बिट धरणाऱ्या चकची चावी एकाच भोकात पिरगाळून भागत नाही, ती तिन्ही भोकांत फिरवून बिट आवळावे लागते, हे त्यांनी करून दाखवले. मग मशीन हवेतच चालवून बिट डगमगते का, ते एक डोळा मिटून पाहिले. सेंटर पंचने आधी खळगी पाडल्याशिवाय बिट खुणेवरून सरकते, हा त्यांचा पुढचा सिद्धांत लोखंडापुरता बिनचूक होता. आमची भिंत जांभ्याची आहे.

जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागली की कठीण होतो, परंतु हा कठीणपणा तो अंगभर सारखा वाटून घेत नाही. वरच्या थरावर बिट नुसते गरगरते, आणि आपण अंगाचा सगळा भार टाकावा तोच ते आतल्या पोकळीत असे घुसते की मशीनपाठोपाठ कपाळही भिंतीला टेकते. सहा मिलिमीटरचे, म्हणजे काकांच्या हिशेबी दोन सुताचे, भोक अंगठा मावेल एवढे झाले आणि प्लास्टिकचा प्लग आत गडप झाला. काका ओरडत होते, "दाब की अजून!" समोरचे कन्नड अज्जा त्यांच्या पायरीवरून बजावत होते, "निधान, निधान!", म्हणजे सावकाश, सावकाश. सीमाभागात राहूनही या दोघांत भाषेवरून कधी वाद झालेला नाही, वाद होता तो फीडचा आणि स्पीडचा, म्हणजे बिट किती दाबायचे आणि किती वेगाने फिरवायचे याचा.

अखेर सिमेंट भरून लाकडी खुंटी ठोकली. दुसरे टोक खिडकीवरच्या काँक्रीटच्या लिंटेलवर असल्यामुळे तिथे मशीनचा ठोके देणारा हॅमर चालू करताच काम निमूटपणे झाले, पण निमूट भोकात काकांना रस नव्हता. तरीही त्यांनी खिशातून भोकाचे माप तपासणारा दोन टोकांचा प्लग गेज काढला. 'गो'ची बाजू आत गेली, पाठोपाठ जाऊ नये ती 'नो-गो'चीही गेली, आणि त्यांनी गंभीरपणे जाहीर केले, "जॉब रिजेक्ट."

कपाटावरची तांबडी धूळ पुसत असलेली आमची सौभाग्यवती म्हणाली, "मग भिंत कारखान्यात परत घेऊन जावा वो काका. जाताना तेवढी धूळ झाडून जावा."