पाटी बघा आणि मन मोकळं करा

मन मोकळं करायला समुपदेशक किंवा मानसतज्ज्ञ शोधताय? मग बाहेरची पाटी वाचा आणि तिच्यावरच भागवा. आत जाऊन ‘तुमचं शिक्षण काय?’ असं विचारणं बरं दिसत नाही. भाडेकरू ठेवताना आपण पोलीस पडताळणी करतो ती गोष्ट वेगळी. तिथे फ्लॅटचा प्रश्न असतो.

नावाआधी ‘डॉ.’ दिसलं की निर्धास्त व्हा. ते ‘डॉ.’ एमबीबीएसनंतर तीन वर्षं एमडी सायकियाट्री करून आलंय, मानसशास्त्रातल्या पीएचडीचं आहे, की हॉटेलच्या हॉलमध्ये शाल-श्रीफळासोबत मिळालंय, या खोलात शिरू नका. मानसिक आजारावर गोळ्या लिहून द्यायचा अधिकार यांतल्या पहिल्याला आहे आणि त्याची नोंद राज्याच्या मेडिकल कौन्सिलकडे तपासता येते, पण दोन मिनिटं कोण घालवणार? तिसऱ्याने ‘आधी त्या गोळ्या बंद करा’ म्हटलं की त्याच रात्री बंद करा. डिप्रेशनची औषधं एकदम सोडल्यावर चक्कर येते, झोप उडते, आजार उलटतो. त्यालाच तो ‘शरीरातलं विष बाहेर पडतंय’ म्हणेल. तुम्ही माना.

आता भिंतीवरची प्रमाणपत्रं. सोनेरी चौकट बघा, शिक्का बघा, तारखेकडे मात्र डोळेझाक करा. नाहीतर उगाच लक्षात यायचं की ‘मास्टर प्रॅक्टिशनर’चा कोर्स शनिवारी सुरू होऊन रविवारी संपला होता, चहा-जेवणासह. शेजारी ‘सरकारमान्य’ लिहून छोट्या उद्योगांसाठीच्या उद्यम नोंदणीचा कागद लावलेला असतो. ही नोंदणी ऑनलाइन, फुकट आणि स्वतःच करायची असते. कोपऱ्यावरच्या पापडवाल्या काकूंकडेही ती आहे. काकू मात्र कुणाचं बालपण उकरत नाहीत.

‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ या शब्दाला तर मुळीच अडू नका. त्यासाठी एम.ए.नंतर रुग्णांमध्ये, वरिष्ठांच्या देखरेखीखाली दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल., किंवा साय.डी. (मानसशास्त्रातली व्यावसायिक डॉक्टरेट), असा रस्ता वर्षानुवर्षं ठरलेला होता. वर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी लागते. नोंदणीशिवाय हा धंदा केला तर आरसीआयच्या 1992 च्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपये! बऱ्याच ठिकाणी एका सेशनच्या फीत दंड भरून वर वडापावचे पैसे उरतील.

आणि समजा कार्डावर आरसीआयचा नंबर सापडलाच, तर तिथेच थांबा. नोंदवहीत नाव घालून बघितलंत तर कळेल की त्याच नोंदवहीत विशेष शिक्षक आहेत, ऐकू येणं तपासणारे ऑडिओलॉजिस्टही आहेत. नंबर खरा, माणूस खरा, फक्त नोंद वेगळ्या कामाची. वर मुदत संपली असली तर आणखी विरस. म्हणून नावापुढचा ‘प्रवर्ग’, म्हणजे नोंद कुठल्या कामाची ते, आणि वैधतेची तारीख हे दोन रकाने वाचायचेच नाहीत.

समुपदेशकांचं त्याहून सोपं. आरसीआयच्या यादीत नसूनही समुपदेशन मानसशास्त्रात एम.ए. केलेले, मनापासून काम करणारे कितीतरी आहेत. आणि ‘सहा महिने यूट्यूब’वालेही तीच पाटी लावून बसलेत. दोघांना वेगळं काढायचं असेल तर फोनवरच विचारावं लागतं: पदवी नियमित की दूरस्थ, क्लायंटसमोर प्रत्यक्ष काम किती तास झालं, सुपरव्हिजन कोणाकडे, आत्महत्येचे विचार असलेला क्लायंट आला तर पुढे कुणाकडे पाठवता. हे चुकूनही विचारू नका. ज्याला येतं तो शांतपणे सांगतो, त्यात काय गंमत? ज्याला येत नाही तो ‘तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?’ म्हणतो. हे वाक्य ऐकू आलं की आगाऊ दहा सेशनचं पॅकेज भरून टाका.

गुप्ततेची काळजी नको. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तो हक्क दिलाय, पण तुमची कहाणी ‘नाशिकची एक ताई’ म्हणून रीलमध्ये आली तर व्ह्यूज बघून आनंद माना. आणि गुण आला नाहीच, तर तक्रार कुठे करायची? डॉक्टरसाठी मेडिकल कौन्सिल, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टसाठी आरसीआय. लाइफ कोचसाठी गूगल रिव्ह्यू. तिथे हात जोडलेल्या इमोजीसह उत्तर येईल, ‘ताई, तुमच्यात नकारात्मक ऊर्जा फार आहे. शनिवारच्या बॅचला तुम्हाला वीस टक्के सूट.’