‘डुकराला काहीही चालते’ या दाव्याचा प्रतिवाद

नाशिक जिल्ह्यातील पशुपालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरतो आहे. हॉटेलचे खरकटे आणि मार्केट यार्डातील टाकाऊ भाजीपाला यांवर डुक्कर सहा महिन्यांत १०० किलोचे होते, खाद्याचा खर्च शून्य राहतो आणि उन्हाळ्यात वाढ मंदावली तर पेंड वाढवावी, असे त्यात म्हटले आहे. वराहपालनाच्या खर्चात खाद्याचा वाटा साधारण ६० ते ७० टक्के असल्यामुळे नवख्या पशुपालकाला हा सल्ला आकर्षक वाटणे स्वाभाविक आहे. त्यातील एकही मुद्दा मात्र जसाच्या तसा टिकत नाही.

पहिला मुद्दा टाकाऊ भाजीपाल्याचा. तीस किलोच्या पिलाला दिवसाला सुमारे दीड किलो कोरडे खाद्य लागते. टोमॅटोत साधारण ९४ टक्के पाणीच असते, त्यामुळे तेवढा शुष्क अंश (पाणी वगळून उरणारा भाग) टोमॅटोतून मिळवायचा तर त्या पिलाला रोज वीस किलोंहून अधिक टोमॅटो खावे लागतील, आणि ते अशक्य आहे. शिवाय गाईच्या कोठीपोटात (जठराच्या मोठ्या कप्प्यात) सूक्ष्मजीव अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, तयार करतात; डुकराला तसे कोठीपोट नसल्यामुळे आवश्यक अमिनो आम्ले खाद्यातूनच मिळावी लागतात. वाढत्या वयात खाद्यात सुमारे १ टक्का लायसिन हे अमिनो आम्ल हवे असते आणि मक्यात ते पाव टक्क्याच्या आसपासच असते. म्हणून येवला-मालेगावकडचा मका कितीही स्वस्त मिळाला, तरी त्याला प्रथिनयुक्त सोयापेंड आणि क्षार मिश्रणाची जोड द्यावीच लागते. वायनरीतून मिळणारा द्राक्षाचा चोथाही टॅनिन (पचनात अडथळा आणणारा तुरट घटक) आणि न पचणाऱ्या तंतूंमुळे अल्प प्रमाणातच द्यावा.

खरकट्याचा मुद्दा केवळ पोषणाचा नाही. आफ्रिकन स्वाइन फीवर या डुकरांच्या जीवघेण्या विषाणूजन्य रोगाची भारतातील पहिली नोंद २०२० मध्ये ईशान्येकडील राज्यांत झाली. या रोगावर उपचार नाही आणि डुकराच्या कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या मांसातून त्याचा विषाणू पसरतो. खरकटे वापरायचेच असेल, तर ते सतत ढवळत किमान ९० अंश सेल्सिअसला एक तास शिजवले पाहिजे. तेवढे इंधन आणि मजुरी धरली की ‘शून्य खर्च’ उरत नाही. हॉटेलच्या रश्श्यात मीठही भरपूर असते, आणि अशा खाद्यासोबत पाणी कमी पडले तर मिठाची विषबाधा होऊन जनावर झटके येऊन मरू शकते.

उन्हाळ्यात पेंड वाढवण्याचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो वरवर शहाणपणाचा दिसतो. डुकराला घामावाटे शरीर फारसे थंड करता येत नाही. वाढत्या डुकराला साधारण १८ ते २५ अंश तापमान मानवते, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीकडे सरकतो तेव्हा शरीरातील उष्णता आटोक्यात ठेवण्यासाठी ते आपणहून कमी खाते. खाल्लेले अन्न पचताना आणि शरीरात वापरले जाताना उष्णता निर्माण होते. प्रथिने आणि तंतू यांच्यामुळे ती अधिक, तर तेलामुळे कमी होते. गरजेपेक्षा जास्त प्रथिनांतील नायट्रोजन लघवीवाटे बाहेर टाकावा लागतो, म्हणजे पाण्याची गरजही वाढते. त्यामुळे प्रथिनांनी भरलेल्या पेंडीचा ढीग घालणे म्हणजे आधीच तापलेल्या जनावराला आणखी तापवणे होय. योग्य मार्ग नेमका उलटा आहे: एकूण प्रथिने एक-दोन टक्क्यांनी उतरवावीत, त्यामुळे पडणारी तूट शुद्ध लायसिन, मेथिओनिन आणि थ्रिओनिन ही अमिनो आम्ले घालून भरून काढावी, कोंडा कमी करावा आणि थोडे खाद्यतेल मिसळून कमी खाण्यातही पुरेशी ऊर्जा मिळेल असे पाहावे. हे प्रमाण पशुपोषण जाणणाऱ्या पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावे, कारण लायसिन न मोजता नुसती पेंड कमी केली तर वाढ आणखी खुंटेल.

खाद्य पहाटे आणि सूर्यास्तानंतर द्यावे. एरवी एक किलो खाद्यामागे दोन ते तीन लिटर पाणी पुरते, उन्हाळ्यात त्याहून बरेच अधिक लागते. निप्पलपर्यंत (डुकरे तोंडाने दाबून पाणी पितात त्या तोटीपर्यंत) येणारी नळी उन्हात उघडी असेल तर आतले पाणी दुपारी तापते आणि डुकरे ते पीत नाहीत. म्हणून नळी जमिनीखालून न्यावी आणि टाकीवर सावली करावी.