पांढरा साका

आज दुपारी एका कार्यालयातून परत आले तेव्हापासून नोंदवही टेबलावर तशीच पडून आहे आणि ती उघडण्याचे मन होत नाही. तीन उन्हाळे आणि तीन पावसाळे आम्ही दर रविवारी पहाटे सोलापूर शहरातून सीना नदीकडे वाहत जाणाऱ्या एका नाल्यावर उभे राहून त्या वहीत पाण्याच्या नोंदी केल्या. समोर बसलेल्या साहेबांनी तिची दोन पाने चाळली, वही मिटली आणि माझ्याकडे सरकवत म्हटले, "मॅडम, हे हौशी लोकांचे आकडे आहेत. यांचे आम्ही काय करायचे?" त्यांचा स्वर उद्धट नव्हता, हे मुद्दाम लिहिते. उद्धट असता तर मी तिथेच भांडून मोकळी झाले असते. त्यांना खरोखरच तो प्रश्न पडला होता, आणि तेच मला अधिक लागले.

माझी सगळी नोकरी कनिष्ठ महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत सहायक म्हणून झाली, हे माझे लिखाण ज्यांना जाते त्या यादीतल्या बहुतेकांना माहीत आहे. निवृत्तीनंतर आसपासच्या मुलांना घेऊन हे काम सुरू केले. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजण्याची आमची पद्धत जुनीच आहे, विंकलर या रसायनशास्त्रज्ञाची. तीनशे मिलीलीटरची काचेची बाटली पाण्याखाली धरून, आत एकही बुडबुडा राहणार नाही अशी भरायची, तिच्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड प्रत्येकी दोन मिलीलीटर सोडायचे, काचेचे बूच लावायचे आणि बाटली उलटसुलट करायची. पाण्यात विरघळलेला प्राणवायू असेल तर तपकिरी साका, म्हणजे हळूहळू तळाशी बसणारा गाळ, धरतो. प्राणवायू जितका जास्त, तितका रंग गडद. प्राणवायू मुळीच नसेल तर साका पांढरा राहतो.

पहिल्या उन्हाळ्यातली ती सकाळ मी विसरू शकत नाही. बाटली त्या दिवशी नववीतल्या एका मुलीच्या हातात होती. तिची आई विड्या वळते, घरी तेलुगू बोलतात, आणि प्रयोगशाळेतली काच तिने तोवर हातात धरलेली नव्हती. साका चहाच्या रंगाचा होईल, असे मी मुलांना आधीच सांगून ठेवले होते. तिने बूच लावले, बाटली उलटी केली, सरळ केली, पुन्हा उलटी केली. आतला साका पांढराच राहिला, दुधात लिंबू पिळल्यावर धरतो तसा. तिने बाटली आणखी हलवली, मग माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात विचारले, "बाई, माझं चुकलं का?"

मी दुसरी बाटली घेतली आणि सगळे स्वतःच्या हाताने पुन्हा केले. तोही साका पांढरा निघाला. तिचे काहीच चुकले नव्हते. त्या पाण्यात माशाच्या पिल्लाला तर सोडाच, किड्यालाही श्वास घेता येईल इतका प्राणवायू उरलेला नव्हता, आणि त्याचा दोष स्वतःकडे घेणारी तिथे एकच व्यक्ती होती, ती म्हणजे ही चौदा वर्षांची मुलगी.

आपल्या सोलापुरात पाण्याविषयी कोणाला आस्था नाही, असे मी म्हणणार नाही. जून महिना लागला की रिक्षावाल्यापासून डॉक्टरांपर्यंत प्रत्येक जण विचारतो, उजनी किती टक्के? धरण वजा, म्हणजे मृतसाठ्याच्या पातळीखाली, किती आहे, अधिकमध्ये कधी येणार, दौंडजवळ विसर्ग किती, हे आकडे आपल्याला पाढ्यांसारखे पाठ असतात. एकूण ११७ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास साठवण आणि त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेले तळचे पाणी, हे शाळकरी मूलही सांगेल. चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या शहराने असे असणे स्वाभाविकच आहे. परंतु पाणी किती आहे, हे इतक्या जिव्हाळ्याने विचारणारे आपण, ते कसे आहे, हे कधी विचारतो? पुण्याचे मैलापाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येते, यावर आपण तावातावाने बोलतो आणि बोललेच पाहिजे. मग आपल्या शहरातून सीनेकडे जे जाते, त्याच्याविषयी खालच्या गावांनी काय म्हणावे? सीना पुढे हत्तरसंग-कुडल येथे भीमेला मिळते. त्या संगमावरच्या मंदिरात शके ९४० चा मराठी शिलालेख आजही जपलेला आहे. मराठीतला सर्वांत जुना लेख म्हणून आपण तो पाहुण्यांना अभिमानाने दाखवतो. हजार वर्षांपूर्वीचे अक्षर सांभाळणारे आपण, तीन वर्षांची वही मात्र दोन मिनिटांत परत करतो.

"हौशी" या शब्दाने मला आज दिवसभर पोखरले आहे. लग्नकार्यातली हौस मी समजू शकते, दागिन्यांची समजू शकते. मे महिन्यात पहाटे सव्वापाचला उठून, नाकाला रुमाल बांधून, निसरड्या काठावरून दोरीने बाटली सोडणे ही हौस असू शकत नाही. पहाटच का, हेही साहेबांनी विचारले असते तर मी आनंदाने सांगितले असते. उन्हात पाण्यातले शेवाळ प्राणवायू सोडत असते, त्यामुळे हिरवट पडलेल्या पाण्याचा नमुना दुपारी दोनला घेतला तर आकडा चांगलाच येतो आणि सगळे कुशल आहे असे वाटते. रात्री तेच शेवाळ आणि पाण्यातले जिवाणू मिळून प्राणवायू संपवत जातात. म्हणून पाण्याची खरी हलाखी सूर्योदयाच्या आधी कळते. कार्यालयाच्या वेळेत निघालेल्या गाडीला ती दिसणे कठीण आहे. शिवाय २० अंश तापमानाचे शुद्ध पाणी लीटरमागे सुमारे ९ मिलीग्रॅम प्राणवायू धरू शकते आणि ३० अंशांना तेच साडेसातवर येते. सोलापूरचा उन्हाळा लक्षात घेतला तर इथल्या ओढ्यांच्या अंगात मुळातच किती थोडी पुंजी असते, ते कळेल. त्यात मैला मिसळला की तो कुजवण्यासाठी जिवाणू तीच पुंजी ओरबाडतात, आणि ऊन जितके वाढेल तितके वेगाने ओरबाडतात.

आमचे आकडे प्रयोगशाळेच्या तोडीचे नाहीत, हे मान्य. सुरुवातीच्या काही महिन्यांच्या नोंदी मी स्वतः आडवी रेघ मारून रद्द केल्या आहेत, कारण ज्यावरून प्राणवायूचा आकडा काढतो ते थायोसल्फेटचे द्रावण उकाड्यात कमजोर पडते, हे माहीत असूनही मी ते वेळच्या वेळी डायक्रोमेटने तपासून घेतले नव्हते. आता दर वेळी तपासते. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला महापूर आला आणि लांबोटीजवळ महामार्ग बंद पडला, तेव्हाच्या रविवारी मुलांना काठावर नेणे शक्यच नव्हते. त्या पानावर "पुरामुळे नोंद नाही" एवढेच लिहिले आहे. अंदाजाने एकही आकडा भरलेला नाही. साहेबांनी ते रद्द केलेले पान आणि ते रिकामे पान पाहिले असते, तर त्यांना आमच्याविषयी बाकीच्या सगळ्या पानांहून अधिक कळले असते, असे मला वाटते.

ही वही पुरावा म्हणून न्यायालयात उभी करा, असे आमचे म्हणणे कधीच नव्हते. आमचे म्हणणे एवढेच आहे की अमुक पुलाखाली, अमुक महिन्यांत, पहाटेच्या वेळी साका वारंवार पांढरा येतो आहे. तर तुम्ही तुमची माणसे, तुमच्या बाटल्या आणि तुमची उपकरणे घेऊन एकदा त्या वेळी तिथे या. शेजारच्या घरातून धूर येतो आहे असे कोणी कळवले, तर अग्निशमन दल त्याच्याकडे तापमापकाचे प्रमाणपत्र मागत नाही. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याला इतकी वर्षे झाली, मंडळे झाली, निकष झाले. नदीत अंघोळ करायची तर पाण्यात लीटरमागे किमान ५ मिलीग्रॅम प्राणवायू हवा आणि बीओडी, म्हणजे घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू, ३ च्या आत हवा, हे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचेच निकष आहेत. आषाढीला उजनीतून पाणी सोडून चंद्रभागा वाहती करतात आणि लाखो माणसे तिच्यात डोके बुडवतात. नमामि चंद्रभागा ही योजना जाहीर झाली तीही २०१६ साली. निकष आणि योजना यांची वानवा नाही. बारा महिने काठावर उभे राहणारे डोळे मात्र कमी आहेत, आणि ते कोणत्याही कार्यालयाला नेमणुका करून मिळणार नाहीत. ते काठाजवळ राहणाऱ्यांचेच असावे लागतात.

आणि हे सरकारला ठाऊक नाही असेही नाही. जल जीवन मिशनमध्ये गावोगावच्या पाच-पाच महिलांना फील्ड टेस्ट किट वापरायला शिकवण्याची तरतूद सरकारनेच केली. गावातली बाई नळाच्या पाण्यात थेंब टाकून रंग पाहू शकते, तर शहरातल्या नाल्यावर उभी असलेली बाई एकाएकी हौशी कशी ठरते? नद्या आणि तळी जपणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून संविधानाच्या ५१क अनुच्छेदात लिहिलेले आहे. कर्तव्य आमचे असेल, तर ते करून आणलेला कागद ठेवून घेण्याचे कर्तव्य कोणाचे?

रंगकामावर आणि यंत्रमागावर या शहराची चूल पेटते, हे मला कोणी नव्याने सांगू नये. माझे माहेर त्यावरच जगले. तसेच नाल्यात निर्माल्याच्या पिशव्यांपासून गादीपर्यंत काय काय आपण सामान्य माणसेच टाकतो, तेही मी दर रविवारी पाहते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यामुळे साका तपकिरी होत नाही.

मला राहून राहून त्या मुलीचा प्रश्न आठवतो. आज त्या खुर्चीसमोर बसलेली असताना माझ्याही तोंडावर तोच आला होता: आमचे काही चुकले का? मी तो गिळला. ज्यांनी विचारायला हवा ते विचारत नाहीत आणि नववीतल्या मुलीने विचारला, या गोष्टीचा मला आता, हे लिहिताना, दुपारपेक्षाही अधिक संताप येतो आहे. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून तळे उभे केले, त्या तळ्याकाठी वाढलेले हे गाव आहे. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला आपण त्याच पाण्याला हात जोडतो.

इथवर लिहून झाले आणि दारावर थाप पडली. तीच आली होती. आता ती अकरावीत आहे, विज्ञान शाखेत, आणि बाटली भरताना बुडबुडा राहिला तर मोठ्या मुलांनाही बाटली ओतून पुन्हा भरायला लावते. साहेब काय म्हणाले, असे तिने विचारले. मी आधी टाळले, मग जसे घडले तसे सांगितले. तिला वाईट वाटेल, रडेलही, अशी माझी समजूत होती. तिने टेबलावरची वही उचलली, पहिल्या उन्हाळ्यातले ते पान काढले आणि बराच वेळ ते पाहत राहिली. तिच्याच अक्षरात तिथे लिहिलेले आहे: "साका पांढरा. बाईंनी पुन्हा केला. पांढरा."

त्याच पानाच्या मागे गेल्या श्रावणातली एक नोंद तिने नंतर चिकटवली आहे, ती मी आज प्रथमच नीट पाहिली. त्या रविवारी रात्रभर पाऊस झाला होता, नाल्याला वरून ताजे पाणी आले होते आणि बाटलीत साका तपकिरी धरला होता, गुळाच्या चहासारखा. मुलांनी बाटली आळीपाळीने उन्हासमोर धरून पाहिली होती. आम्ल टाकल्यावर पाणी पिवळे झाले, स्टार्चने निळे झाले, आणि थायोच्या एकेका थेंबाने तो निळा रंग जाईपर्यंत कोणी बोलत नव्हते. तो नाला अजून मेलेला नाही. त्याला पाणी मिळाले आणि वर घाण कमी झाली, तर तो श्वास घेतो; आमच्या वहीत हेही लिहिलेले आहे आणि हेही कोणी वाचलेले नाही.

जाताना ती म्हणाली, "बाई, वही त्यांना कळत नसेल. बाटलीच घेऊन जाऊ या. बूच घट्ट लावून." मला हे सुचले नव्हते.

म्हणून येत्या रविवारी आम्ही एक बाटली जास्त भरणार आहोत. तिच्यात आम्ल टाकणार नाही. साका जसा असेल तसा ठेवून, बुचाभोवती पाण्याचे सील करून, सोमवारी अकरा वाजता मी आणि ती त्याच कार्यालयात जाऊ. सोबत नोंदवहीची छायाप्रत असेल आणि पहिल्या पानावर आमची पद्धत, द्रावणे कशी तपासतो त्यासह, तिच्या अक्षरात असेल. आवक क्रमांक घेतल्याशिवाय आम्ही परतणार नाही.

ज्यांना रविवारी यायचे असेल त्यांनी सकाळी पावणेसहाला माझ्या घरासमोर यावे. पाय पूर्ण झाकणारे बूट हवेत, चप्पल चालणार नाही. आम्लाच्या बाटलीला माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही, आणि वापरलेले सगळे द्रावण कॅनमध्ये भरून परत आणायचे आहे, ते नाल्यात ओतायचे नाही. कोणाकडे तीनशे मिलीलीटरची काचेच्या बुचाची जुनी बाटली पडून असेल, तर ती आणावी. आमच्याकडच्या दोन तडकल्या आहेत.