स्टेडियमचं बारसं कसं करावं

अभिनंदन! विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेवर तुमची वर्णी लागली, गावात फ्लेक्स लागले, मेव्हण्यानं फटाके फोडले. आता करायचं काय? निकाल वेळेवर लावतो म्हणाल, तर परीक्षा विभाग तुम्हाला ओळखसुद्धा दाखवणार नाही. प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा भरतो म्हणाल, तर फाइल मुंबईला जाते आणि तिकडंच रमते. वसतिगृहाचं पाणी धरणाच्या आणि वरुणराजाच्या हवाली. म्हणून जुन्या जाणत्यांचा सल्ला ऐका आणि ग्राउंड धरा. ग्राउंड उपोषणाला बसत नाही, निवेदन देत नाही, माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकत नाही. आणि मराठवाड्यातल्या कुठल्याही विद्यापीठाकडं दुसरं काही नसलं तरी जागा मायंदाळ असते.

पहिली गोष्ट, आधी नाव आणि मग स्टेडियम. हा क्रम चुकवू नका. नावाला खर्च एका ठरावाचा, एका कमानीचा आणि पेढ्यांचा. बातमी मात्र पहिल्या पानावर. ट्रॅकला खर्च काही कोटींचा, आणि त्याची बातमी आतल्या पानावर, तीही उखडला तरच.

एक मात्र जपा. ठरावात ‘नामांतर’ हा शब्द घालू नका. आपल्या भागात त्या शब्दाला वजन आहे. 27 जुलै 1978 ला विधिमंडळात ठराव झाला आणि 14 जानेवारी 1994 ला मराठवाडा विद्यापीठाच्या नावात डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले. मधल्या सोळा वर्षांत लोकांनी घरं जळताना पाहिली, माणसं गमावली, लाठ्या खाल्ल्या. तुमच्या कमानीवरच्या अक्षरांसाठी कुणी रस्त्यावर उतरलेलं नाही. तुम्ही आपलं ‘नामकरण’ म्हणा.

आता नाव कुणाचं? हयात पुढाऱ्याचं टाळा. प्रश्न नीतिमत्तेचा नाही, गटाचा आहे. सकाळी ठराव मंजूर व्हायचा आणि संध्याकाळी साहेब पलीकडं जायचे, मग स्टीलची अक्षरं उतरवायला पुन्हा निविदा. बैठकीत एखादा भाबडा सदस्य म्हणेल, खेळाडूचंच नाव देऊ. लातूरचे हरिश्चंद्र बिराजदार, 1970 च्या राष्ट्रकुल स्पर्धेतलं कुस्तीचं सुवर्ण, रुस्तुम-ए-हिंद. त्याला मध्येच तोडू नका. मान डोलवा, ‘अतिशय चांगली सूचना’ म्हणा, इतिवृत्तात नोंद घ्यायला सांगा आणि मग हळूच विचारा, की पैलवानाच्या नावाला पाहुणे कोण येणार? लाल मातीत आयुष्य घालवलेल्या माणसाच्या मागं ना कारखाना, ना शिक्षणसंस्था, ना बँक. कार्यक्रमाला बसगाड्या भरून माणसं कोण आणणार? सूचना तिथंच बसते.

तरीही वाद झालाच, तर दिल्ली आणि अहमदाबादचा आदर्श घ्या. 2019 मध्ये फिरोजशाह कोटलाच्या स्टेडियमला अरुण जेटलींचं नाव दिलं, पण खेळायचं मैदान कोटलाच राहील असं सांगितलं. 2021 मध्ये मोटेराचं सरदार पटेल स्टेडियम नरेंद्र मोदी स्टेडियम झालं, पण भोवतालच्या क्रीडा संकुलाला नाव सरदार पटेलांचंच. बघा किती सोय आहे! संकुल एकाचं, स्टेडियम दुसऱ्याचं, मैदान तिसऱ्याचं. पॅव्हेलियन, कमान आणि पाण्याची टाकी अजून शिल्लकच आहेत. कुठलाच गट नाराज होत नाही, आणि पोरं शेवटपर्यंत त्याला ‘युनिव्हर्सिटीचं ग्राउंड’च म्हणतात.

कोनशिलेकडं मात्र जातीनं लक्ष द्या, कारण तुमच्या कारकिर्दीतलं एवढंच काय ते टिकणार आहे. काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं. वर ‘शुभहस्ते’, खाली ‘अध्यक्षस्थानी’, त्याखाली ‘प्रमुख उपस्थिती’, मग ‘विशेष उपस्थिती’, मग ‘सन्माननीय उपस्थिती’. या तिन्हींतला फरक कुणालाच सांगता येत नाही, पण चुकला तर कार्यक्रमावर बहिष्कार पडतो. क्रीडा संचालकाचं नाव तळाला, बारीक टाइपात, जागा उरली तर. मागच्या भूमिपूजनाची जुनी कोनशिला तिथंच बाभळीखाली पडलेली असेल. ती उलटी करून पायरीला वापरा. दगड चांगला असतो.

आता गुंतवणुकीकडं येऊ. अर्थसंकल्प मार्चमध्ये अधिसभेसमोर, म्हणजे सिनेटसमोर, जातो, तेव्हा ‘क्रीडा सुविधांचं सक्षमीकरण’ असं भारदस्त शीर्ष घाला आणि सिंथेटिक ट्रॅकपासून सुरुवात करा. 400 मीटर, आठ लेन, प्रत्येक लेन 1.22 मीटर रुंद. ही माहिती पाठ करून ठेवा, पत्रकार खूश होतात. आपली जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात अशी भेगाळते की हात घातला तर कोपरापर्यंत आत जातो. म्हणून ट्रॅकखालची काळी माती खणून काढायची, मुरूम भरायचा, पाणी मारून रोलरनं दाबायचा, त्यावर खडी, त्यावर डांबर, कडेनं निचऱ्याची गटारं, आणि सगळ्यात शेवटी तो लालभडक थर. त्याची जाडी साधारण 13 मिलिमीटर. म्हणजे फोटो निघतो तो वरच्या अर्ध्या इंचाचा. बाकीचं सगळं जमिनीखाली. बचत कुठं करायची हे तुम्हाला सांगायला नको. पहिल्या पावसाळ्यानंतर तिसऱ्या लेनला फुगवटा आला, तर तिथं टेबल मांडून पंचांना बसवा.

पॅव्हेलियन मोठं पाहिजे, त्यात व्हीआयपी कक्ष पाहिजे, त्याला एसी पाहिजे. मे महिन्यात पारा 43-44 वर असताना पाहुणे उघड्यावर कसे बसतील? पॅव्हेलियन पुढं आलं की ट्रॅक आत सरकतो, आत सरकला की 400 चा 390 होतो. घाबरू नका. विक्रम जास्त होतात.

एक खड्डा मात्र तुम्हाला त्रास देईल. आराखड्यात वळणावर पाण्याचा चौकोन दिसेल. तो स्टीपलचेसचा. 3000 मीटरच्या या शर्यतीत 28 अडथळे आणि 7 वेळा पाण्यावरून उडी; खड्ड्याची लांबी 3.66 मीटर. अभियंता म्हणेल, ठेवू या. तुम्ही म्हणा, काट मारा. कारण सांगायला अवघड नाही. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं तो हा मुलूख. इथं पाणी पाय बुडवायला ठेवायचं? सभागृह बाकं वाजवील. हा खड्डा एका टँकरात भरतो आणि व्हीआयपी पार्किंगच्या लॉनला त्याहून जास्त लागतं, असं कुणी म्हणालंच, तर त्याला पुढच्या समितीत घेऊ नका.

आता अडचण एवढीच की देशातला सगळ्यात मोठा स्टीपलचेसपटू नेमका आपल्याच बीड जिल्ह्यातला निघाला. अविनाश साबळे, आष्टी तालुक्यातलं मांडवा गाव, शाळा सहा किलोमीटरवर. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 8 मिनिटं 11.20 सेकंदात रौप्य. सुवर्ण हुकलं ते अवघ्या 5 शतांश सेकंदानं, आणि केनिया सोडून दुसऱ्या देशाच्या धावपटूला या शर्यतीत पदक मिळालं ते 1994 नंतर पहिल्यांदा. पुढं 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्ण, 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी. यात आपल्या विद्यापीठांचा वाटा किती, असं कुणी विचारलं तर छातीठोक सांगा, की आम्ही त्याला अडवलं नाही. तो लष्करात गेला, पाण्यावरून उडी मारायला तिथं शिकला. आपण शाळा सहा किलोमीटरवर ठेवली, हे पायाभूत योगदान नाही का?

ट्रॅक झाला की लगेच कुंपण घाला. नाहीतर पोरं येतात. पोलीस भरतीची, अग्निवीरची. पहाटे साडेचारला, अंधारात, मोबाइलची बॅटरी लावून. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800, शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक. यातल्या कित्येकांचे आई-बाप दिवाळीनंतर कोयता घेऊन साखरपट्ट्यात जातात आणि पोरगं खोली करून चौघांत राहतं, एका वेळी भात शिजवतं. जुन्या ग्राउंडवर ही मंडळी फक्कीनं स्वतःच लेन आखायची, दगड ठेवून वळणं मोजायची, आणि त्यांतलाच एखादा मोठा भाऊ शिट्टी अन् स्टॉपवॉच घेऊन उभा राहायचा, ‘ए, शेवटच्या राउंडला मरायचं नाही रे!’ म्हणून ओरडत. असली गर्दी नव्या ट्रॅकवर शोभत नाही. गेटवर पाटी लावा. मीच मसुदा देतो:

‘विनापरवाना प्रवेश निषिद्ध. ओळखपत्र दाखवावे. सरावाची वेळ स. 10 ते सायं. 5. सुटीच्या दिवशी बंद. ट्रॅकवर स्पाइक्स घालून धावू नये. ट्रॅकवर धावताना ट्रॅक खराब होणार नाही याची दक्षता घ्यावी. आज्ञेवरून.’

सकाळी दहा ते पाच ही वेळ विचारपूर्वक ठेवली आहे. त्या वेळात एप्रिल-मेमध्ये कुणी पाऊल ठेवत नाही, ट्रॅक नवाच्या नवा राहतो. पोरं पुन्हा बायपासवर पळतील, उसाच्या ट्रॅक्टरच्या उजेडात. पळू द्या, सवय आहे त्यांना.

खो-खोच्या भानगडीत पडू नका, हे खासगीत सांगतो. धाराशिवच्या मुलींनी या खेळात नाव काढलंय. तिथल्या सारिका काळेला 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. पण खेळ असा की 27 बाय 16 मीटर जागा आणि दोन खांब. दोन खांबांचं अंदाजपत्रक फुगवून फुगवून किती फुगवणार? कबड्डीचंही तेच. गुंतवणूक म्हणजे कसं, क्रेन आली पाहिजे, काचा आल्या पाहिजेत. जलतरण तलाव घ्या. पाणी नसलं म्हणून काय झालं, निळ्या फरशा बिनपाण्याच्याही सुंदर दिसतात, आणि स्टीपलचेसच्या खड्ड्याला नकार देणारं सभागृह तलावाला टाळ्या वाजवतं, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

जिम्नॅस्टिक हॉलचाही विचार करा, पण साहित्य नाही आणलं तरी चालेल. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, आणि ट्रॅम्पोलिनच्या, म्हणजे उसळत्या जाळीवरच्या उड्यांच्या खेळाच्या, बोगस प्रमाणपत्रांचं प्रकरण आपल्याच भागात केवढं गाजलं! ज्यांनी ट्रॅम्पोलिन कधी पाहिलं नव्हतं त्यांनी त्यावर प्रावीण्य मिळवलं. त्या पार्श्वभूमीवर रिकामा हॉल ही प्रामाणिकपणाची खूणच म्हणायची.

एवढ्यात तुमच्या टेबलावर एक अर्ज येईल. वहीचं पान, मुलीचं अक्षर, महाविद्यालयाच्या शारीरिक शिक्षण संचालकांची सही. पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी संघ निघालाय, आरक्षण मिळालेलं नाही, जनरल डब्यात बारा मुली, सोबत महिला व्यवस्थापक नाही, ट्रॅकसूट अजून आलेले नाहीत, प्रवासभत्ता आगाऊ मिळावा ही विनंती. असे अर्ज भावनेच्या भरात मंजूर करायचे नसतात. ‘क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळाच्या पुढील बैठकीत ठेवावे’ असा शेरा मारा. बैठक होते तोवर मुली हरून किंवा जिंकून परत आलेल्या असतात आणि पैसे वाचतात. प्रवेश घेताना प्रत्येक विद्यार्थी क्रीडा शुल्क भरतो, त्याचं काय, हा प्रश्न अर्जात नसतो. पोरी समजूतदार असतात.

हे सगळं करायचं झटपट, नाहीतर चांगल्या गोष्टी पुढं सरकतात. औरंगाबादला होणार म्हणून गाजलेलं क्रीडा विद्यापीठ 2020 च्या कायद्यात पुण्याच्या बालेवाडीला गेलं. आपण निवेदनं दिली, निषेध केला, फोटो काढले. पुण्याला गेलेली वस्तू परत मागायची पद्धत नाही आपल्याकडं. नाव मात्र आपलं आपल्याला ठेवता येतं, ते कुणी नेत नाही.

लोकार्पणाच्या दिवशी पडद्याची दोरी आधी दोनदा ओढून बघा, ऐन वेळी अडकते. शाळांची पोरं सकाळी आठपासून उन्हात रांगेत उभी करा, पाहुणे बारा वाजता येतील. प्रेक्षकांत निदान एक तरी खरा धावपटू बोलवा, वर्तमानपत्रं ते विचारतात. त्याला शाल, श्रीफळ आणि तिसऱ्या रांगेत खुर्ची द्या. दोन शब्द बोलायला सांगू नका. आणि माइक हाती लागून त्यानं विचारलंच, की साहेब, पाण्याची उडी कुठंय, तर हसून सांगा, दुसऱ्या टप्प्यात आहे.