कॅमशाफ्ट तुटला त्याबद्दल, गॅरेजकडून उत्तर

नमस्कार दादा. एक स्टार दिलात त्याचा राग नाही, भर रस्त्यात बाइकचं इंजिन बंद पडल्यावर डोकं फिरणारच. पण 'सर्व्हिसिंगला टायमिंग चेन चुकीची बसवली म्हणून कॅमशाफ्ट तुटला, आणि आता अख्खं हेड गळ्यात मारताहेत' असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हे उत्तर. (कॅमशाफ्ट, म्हणजे कॅम, हा इंजिनातले व्हॉल्व्ह उघडणारा दांडा; हेड म्हणजे तो ज्यात बसतो तो इंजिनचा वरचा भाग.)

बिलावरचा 'चेन सेट' मागच्या चाकाचा आहे. कॅम फिरवणारी टायमिंग चेन इंजिनच्या आत असते, तिला आमचा हातही लागलेला नाही. ती एक दात जरी सरकली असती तरी गाडीने पहिल्याच दिवशी स्टार्टिंगला आणि पिकअपला त्रास दिला असता. आठवडाभर झकास पळाली, हे तुमचेच शब्द.

आता तुटलेला कॅम. कड तिरपी, पिळवटलेली आणि सगळीकडे सारखीच दाणेदार आहे. जुनी चीर वाढत गेली असती तर काही भाग गुळगुळीत होऊन त्यावर शिंपल्यासारख्या रेषा दिसल्या असत्या. तशा नाहीत. म्हणजे एका बाजूने टायमिंग चेन ओढत होती आणि दुसरं टोक जाम झालं. त्या टोकाचा जर्नल (कॅमचा हेडमध्ये टेकून फिरणारा भाग) निळा पडलाय, वर हेडचं अ‍ॅल्युमिनियम चिकटलंय. तेल न मिळाल्याची ही खूण. दोन दिवस इंजिनच्या वरच्या बाजूने टकटक येत होती असंही तुम्ही लिहिलंय. (तेव्हाच एक फोन करायला हवा होता!)

ऑइल लेव्हल बरोबर होती, पंपही ठीक. पण हेडकडे जाणाऱ्या तेलाच्या भोकातून लाल सिलिकॉनचा गोळा निघाला. हेड गॅस्केटला (हेडखालच्या पॅकिंगला) गळती होऊ नये म्हणून कुणीतरी सढळ हाताने फासलेलं. आमच्या जॉबकार्डवर ऑइल, फिल्टर आणि चेन सेट एवढंच काम आहे. हेड आधी कुठे उघडलं होतं, ते तुम्हालाच ठाऊक.

या इंजिनात कॅमला वेगळं बेअरिंग नाही, तो थेट हेडमध्येच फिरतो. ती जागा खरवडली गेलीय, त्यामुळे नुसता नवा कॅम टाकला तर तोही जाणार. खर्च मोठा आहे, मान्य. वापरलेलं चांगलं हेड मिळालं तर आणा, बसवून देतो.

दुसरीकडे काम करणार असाल तर गाडी ताब्यात घेण्याआधी हेडवरचं टॅपेटचं झाकण काढून इंजिन स्लोवर चालू करायला लावा. वर तेल दिसलं नाही तर लगेच बंद. तुटलेला कॅम आणि तो गोळा पिशवीत ठेवलाय, घेऊन जा आणि त्या मेकॅनिकलाही दाखवा.