पाच मिनिटांत कागदाची वीट म्हणे!

सकाळी डोळे उघडतात तोच ग्रुपवर व्हिडिओ. 'रद्दीपासून पाच मिनिटांत फुकट इंधन!' कागद फाडले, पाण्यात बुडवले, साच्यात दाबले आणि पुढच्याच क्षणी वीट ढणाढणा पेटलेली. मधले दोन-तीन आठवडे कुठे गेले हो?

एवढा राग यायचं कारण म्हणजे आमच्या बाबांनी हा उद्योग केलाय आणि त्यात मी हमाल होतो. वर्तमानपत्रं फाडून बादलीत तीन-चार दिवस भिजायची. मग बाबा दांडक्याने घोटत बसायचे. डिंक नाही, खळ नाही. "तंतूच एकमेकांना धरतात, तू फक्त पाणी काढ," म्हणायचे. पाणी काढ म्हणजे साच्यावर उभा राहा! खालून करडं, शाईचं पाणी पायावर यायचं.

पहिली वीट आठव्या दिवशी पेटवली. वरून खडखडीत, टिचकी मारली तर टणटण वाजणारी. शेगडीत गेली आणि जी धुमसायला लागली! आई खोकत खोकत खिडक्या उघडत सुटली. बाबांनी चिमट्याने वीट बाहेर काढून फोडली, तर मधोमध लगदा दमटच.

व्हिडिओत हे दाखवतील का? छे. वर त्या बाईंनी चकचकीत मासिकंही ढकलली बादलीत. अहो, त्या कागदावर चिनी मातीचा नाहीतर चुनखडीच्या भुकटीचा लेप असतो. तो काय जळणार, कपाळ? नुसती राख उपसत बसा. दुकानातल्या गुळगुळीत पावत्याही त्यातच. त्यांच्यावर रसायन असतं, ते जाळून श्वासात घ्यायचं?

बरं, मान्य. रद्दी पुन्हा कागद करायला देणंच शहाणपणाचं, एकच तंतू पाच-सात वेळा वापरता येतो म्हणतात. आणि वाळलेला कागद किलोमागे फार तर सुक्या लाकडाइतकी उष्णता देतो, चमत्कार काही नाही. पण करायचंच तर नीट करा ना!

बाबांनी केलं. दुसऱ्या खेपेला विटा पातळ, मधे काठी खुपसून आरपार भोक, लगद्यात लाकडाचा भुसा. रोज संध्याकाळी एकेक वीट उलटायची आणि काट्यावर ठेवायची. वजन उतरायचं थांबलं की वाळली. वहीत आकडे लिहायचे, बारीक अक्षरात, जणू तान्ह्या बाळाचं वजन. आम्ही हसायचो. ती वही परवा कपाटात सापडली. शेवटच्या पानावर तीन दिवस ओळीने एकच आकडा आणि पुढे 'झाली' असं लिहून दोनदा अधोरेखित केलंय.

ती वीट पेटवली तेव्हा आईने खिडकी उघडली नव्हती.

असो. व्हिडिओखाली मी एवढंच विचारलंय, "ताई, पेटवण्याआधी वजन केलं होतं का?" दुपार झाली, अजून उत्तर नाही. हसणाऱ्या इमोजी मात्र अकरा आल्यात.